खाडा आणि खाडी

आम्ही केज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सोळा जणी. स्टुडिओत आज आम्ही तिघीच बसलोय, पण काय सांगायचं ते सगळ्यांनी मिळून बैठकीत ठरवलंय. म्हणून सगळं 'आम्ही' म्हणूनच सांगतो.

एरवी या वेळेला तुम्ही शेळ्यांची लस, बँकेचा हप्ता, सोयाबीनचं बियाणं असलं काही ऐकता. आजचा विषय वेगळा आहे. आज आम्ही आरामाबद्दल बोलणार आहोत. आजारी पडल्यावर डॉक्टर सांगतात तो आराम नव्हे. धडधाकट असताना, आपल्या मनानं, आपल्या पैशानं घेतलेला आराम. ऐकूनच हसू आलं ना? आम्हालाही आलं होतं.

सुरुवात एका व्हिडिओनं झाली. आमच्यातल्या एकीची लेक पुण्यात नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातल्या कुणी तरी युरोपातल्या नेदरलँड्स देशात जाऊन आलं होतं. तिथली बोटीची सहल तिनं आम्हाला मोबाईलवर दाखवली. शंभर मीटरहून लांब बोट, आत हॉटेलसारख्या खोल्या, दीडशे-दोनशे माणसं. सामान एकदा खोलीत टाकलं की आठवडाभर बांधाबांध नाही. बोट नदीतून, कालव्यातून सावकाश जाते. सकाळी एका गावाला लागते. उतरायचं, गाव बघायचं, दुपारी परत येऊन खुर्चीवर बसायचं. किनाऱ्यानं गाई चरताहेत, माणसं सायकलवरून चाललीत, वसंतात ट्युलिपच्या फुलांची पट्ट्यापट्ट्यांची शेतं दिसताहेत. आणि त्या खुर्च्यांवर आपल्या वयाच्या बाया नुसत्या बसलेल्या! हातात भाजी निवडायला नाही, मांडीवर लेकरू नाही.

आमच्यातल्या एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्या बाया काहीच करीना गं. अन् त्यांना कुणी काही म्हणत बी नाही?"

तो प्रश्न आमच्या मनातून गेलाच नाही.

आधी त्या देशाबद्दल थोडं सांगतो, कारण ते पाणी आम्हाला नवलाचं वाटलं. नेदरलँड्सला आपण हॉलंड म्हणतो, तिथल्या लोकांना डच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांचं नाव वलंदेज. देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही लहान. त्यातली चौथा हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे बांध फुटला की समुद्र घरात. बोटी चालतील असे नद्या-कालवे मोजले तर सहा हजार किलोमीटरच्या आसपास भरतात. आम्सटरडॅम हे त्यांचं मोठं शहर. तिथले प्रसिद्ध कालवे सतराव्या शतकात खोदलेले, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा काळ होता तेव्हाचे. जमीन इतकी भुसभुशीत, की घरं उभी करायला खाली लाकडाचे खांब ठोकावे लागले.

तिथल्या पवनचक्क्या आपण चित्रात बघतो. आम्हाला वाटायचं त्या पीठ दळायच्या. दळायच्याही होत्या, पण पुष्कळशा पाणी उपसायच्या. आपली मोट विहिरीतून पाणी काढून शेताला द्यायची, त्यांची पवनचक्की शेतातलं पाणी काढून वर कालव्यात टाकायची. मोटेला बैल लागायचे, तिला वारा. किंडरडाइक नावाच्या गावी अशा 19 पवनचक्क्या अजून उभ्या आहेत, बहुतेक 1740 च्या सुमाराच्या. बोटीनं जाणारे लोक त्या बघायला मुद्दाम उतरतात.

बोट खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात कशी चढते, तेही व्हिडिओत होतं. कालव्यात दोन दारांची एक कोठी असते. बोट आत आली की मागचं दार लावतात, कोठीत पाणी सोडतात, पाण्याबरोबर बोट वर येते. मग पुढचं दार उघडतं नि बोट निघाली. पाळण्यातल्या लेकराला उचलावं तशी हळू.

पण बायांनो, ते पाणी नुसतं गोड नाही. 1953 साली 31 जानेवारीच्या रात्री समुद्राला उधाण आलं, बांध फुटले आणि तिथली 1836 माणसं गेली. म्हणून ते पाण्याचा हिशेब फार काटेकोर ठेवतात. बांध, कालवे, पंप बघायला त्यांच्याकडे पाणी-मंडळं आहेत. पहिली तेराव्या शतकात झाली, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर महाराजांचं शतक. आज अशी 21 मंडळं आहेत आणि लोक मत देऊन त्यांचे सभासद निवडतात. एकाच्या बांधाला भोक पडलं तर सगळं शिवार बुडतं, मग एकेकट्यानं राहून चालत नाही. आपल्या गटाचं तरी दुसरं काय आहे?

आपलं गाऱ्हाणं त्यांच्या अगदी उलट. आपल्या तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. केज, अंबाजोगाई, लातूर त्याच्या पाण्यावर. ते धरण कोरडं पडलं आणि 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घागर येते, टँकर येतो, रांगेतलं भांडण येतं. पाण्यावर निवांत बसायचं असतं, हे आपल्या स्वप्नात पण येत नाही.

त्या डच बोटीला माणशी लाखांत पैसे लागतात. ते आपलं काम नाही. पण पुढच्या बैठकीत तीच लेक म्हणाली, "मावशे, डच लोक आपल्याकडेच येऊन गेलेत. वेंगुर्ल्याला त्यांची वखार आहे. अन् तिथं बचत गटाच्या बायाच होडी वल्हवून खाडीत फिरवून आणतात."

बचत गटाच्या बाया? होडी? आम्ही सगळ्या पुढे सरकून बसलो.

माहिती काढली ती अशी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडी आहे. तिथल्या 'स्वामिनी' महिला बचत गटाच्या बायांनी 2017 साली खाडीत कांदळवन सफारी सुरू केली. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारं जंगल. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांची मदत त्यांना मिळाली. या मच्छीमार घरच्या बाया. खाडी त्यांना ठाऊकच होती, झाडांची-पाखरांची माहिती त्या शिकून घेतात आणि पाहुण्यांना सांगतात. होडीला इंजिन नाही, वल्ह्यानं चालवायची.

झालं, ठरलं. दर महिन्याच्या बचतीशिवाय शंभर रुपये वेगळे टाकायचे. आम्ही त्याला 'फिरायचा डबा' म्हणायचो. हिशेब वेगळ्या वहीत. दोन वर्षांत माणशी चोवीसशे होतात.

पैशापेक्षा अवघड होतं घरी सांगणं. पंढरपूर वाटेतच आहे. काही जणी म्हणाल्या, "पंढरपूरला जातो म्हणून सांगू. देवाचं नाव घेतलं की कुणी अडवत नाही." खरं आहे. वारीला जायला, जत्रेला जायला, माहेरी कुणाचं बरंवाईट झालं तर जायला बाईला वाट मिळते. पण 'चार दिवस बसायला जाते' म्हणायला तोंड उघडत नाही. खूप बोलणं झालं आणि शेवटी ठरलं, की खोटं सांगायचं नाही. पांडुरंगाचं दर्शन घेऊच, पण घरी सांगायचं ते खरं: फिरायला चाललोय, आराम करायला चाललोय.

काय काय ऐकलं म्हणून सांगू! "घरी काय दगड फोडायला लावलेत का?" "म्हशीची धार कोण काढणार?" "या वयात होडी?" एका सासूबाईंनी मात्र सगळ्यांना गप्प केलं. म्हणाल्या, "जा गं. मला कुणी जा म्हणलं नाही, म्हणून तर मी पुढच्या सुनेला जा म्हणते."

आता यातली खरी अडचण सांगतो. ती घरच्यांनी नाही, आम्हीच केली होती.

जायचं ठरवलं फेब्रुवारीत. हवा चांगली, तूर-कापूस उरकलेला, लग्नसराई सुरू व्हायची. सगळ्यांना पटलं. वहीत लिहून पण टाकलं. तेवढ्यात दाराजवळ बसलेली एक जण म्हणाली, "आमच्या वाटचे फोटो तेवढे दाखवा मग." आम्ही बघतच राहिलो. आमच्या गटात चौघी कोयत्यावर जाणाऱ्या. दिवाळीच्या आगंमागं मुकादमाची गाडी येते, की त्या निघतात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर परत येतात. फेब्रुवारीत त्या उसाच्या फडात असणार. डब्यात त्यांचेही शंभर रुपये पडत होते, आणि तारीख धरताना आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

लाज वाटली, मैत्रिणींनो. आराम कुणाला सगळ्यांत जास्त पाहिजे होता? पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवायच्या. अंगात ताप असो, पाळी असो, पोटुशी असो. एक दिवस काम बुडालं तर त्याला म्हणतात खाडा, आणि खाड्याला दंड. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची सरकारी समितीनं 2019 साली माहिती घेतली. 82 हजारांहून जास्त बायांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणं पुष्कळ आहेत, त्यांवर डॉक्टरांचा एक कार्यक्रम इथं व्हायला पाहिजे. पण जिथं विसाव्याला दंड आहे तिथं दुखणं अंगावर काढलं जातं, एवढं आपल्याला डॉक्टरांशिवाय पण कळतं.

त्याच बैठकीत तारीख खोडली आणि एप्रिलचा शेवटचा आठवडा धरला. ऊन कडक, लग्नाच्या तिथी. दोघींनी घरच्या लग्नात हळदीला नाही म्हणून सांगितलं. पण सोळाच्या सोळा निघालो.

केजच्या स्टँडवरून एसटीनं. मार्च 2023 पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. आमच्या आजी फुकट आल्या आणि वाटभर तेच सांगत बसल्या. बसा बदलत पंढरपूर, मग कोल्हापूर, मग आंबोलीच्या घाटानं खाली कोकणात. सगळं मिळून पाचशे किलोमीटरच्या आसपास. पंढरपुरात चंद्रभागेला पाणी कमी, होड्या वाळवंटात टेकवून ठेवलेल्या. आंबोलीचा घाट उतरताना तिघींना उलटी झाली. ते पण सांगायला पाहिजे, सगळंच काही गोड नव्हतं.

वेंगुर्ल्यात पहिल्यांदा वखार बघायला गेलो. वलंदेजांनी 1637 साली विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी घेऊन इथं व्यापार सुरू केला. गोव्यात पोर्तुगीज होते, त्यांच्यावर नजर ठेवायलाही हे बंदर सोयीचं. आता वखारीची पडझड झालीय. जाडजूड भिंती आहेत, रिकाम्या खिडक्या आहेत. आम्ही सावलीला बसून घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. एक जण म्हणाली, "ते एवढ्या लांबून आले तिखट-मसाल्यासाठी. आपण चटणी घेऊनच आलो." 

दुसऱ्या दिवशी खाडीवर गेलो. तिथं सगळं भरती-ओहोटीच्या हिशेबानं चालतं, आपल्या घड्याळानं नाही. आधी प्रत्येकीला तरंगतं जाकीट घातलं, बंद आवळून बघितले. मग हाताला धरून एकेकीला होडीत बसवलं. आम्ही दोन-तीन होड्यांत वाटून बसलो. आमच्यातल्या निम्म्याजणी पदर तोंडाशी धरून 'विठ्ठल विठ्ठल' करत होत्या. वल्हं मारणाऱ्या ताईंचे हात बघितले नि जरा धीर आला. आपल्यासारखेच घट्टे पडलेले हात.

पहिली दहा मिनिटं भीतीत गेली. मग होडी झाडांत शिरली आणि सगळ्या गप्प झाल्या. दोन्ही बाजूंनी हिरवी भिंत, मधून पाणी. आवाज फक्त वल्ह्याचा.

ताई झाडं दाखवत होत्या. कांदळाची मुळं खोडातून फुटून कमानीसारखी पाण्यात उतरतात, जणू झाड पायावर उभं आहे. त्याचं बी झाडावरच रुजतं. शेवग्याच्या शेंगेसारखं हिरवं लांबडं रोप तयार होतं आणि मग खालच्या चिखलात पडतं. म्हणजे लेकरू चालायला लागल्यावर आईनं सोडावं तसं. तिवराची मुळं उलटी, चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली. चिखलात हवा नसते, म्हणून ती मुळं वरून श्वास घेतात. तिवर खाऱ्या पाण्यातलं मीठ पानातून बाहेर टाकतो. आम्ही पान चाटून बघितलं, खरंच खारट. झाडांच्या मुळांत मासे-खेकड्यांची पिल्लं वाढतात, आणि समुद्राचं उधाण आलं तर हीच झाडं किनाऱ्याला धरून ठेवतात. डच लोकांनी बांध घातले, इथं झाडांनीच बांध घातलाय. खंड्या बघितला, बगळे बघितले.

आजींनी पाण्यात हात घातला. ओंजळ भरली, जरासं जिभेला लावलं आणि थुंकून म्हणाल्या, "एवढं पाणी अन् पिता येईना. देवाचं वाटप बघ माय."

आणि दाराजवळ बसून बोललेली ती आमची मैत्रीण होडीच्या टोकाला बसली होती. पाय लांब केलेले, हात मांडीवर मोकळे. बराच वेळ काही बोलली नाही. आम्हाला वाटलं, बरं वाटत नाही की काय. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. आज खाडा केला अन् दंड नाही पडला. उलट खाडीत बसले."

आधी सगळ्या हसल्या. मग दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला.

तासाभराची फेरी होती ती. डच बोटीवरचे लोक आठवडाभर फिरतात, आम्हाला एक तास मिळाला. पण त्या एका तासात कुणाला हाक मारायची नव्हती, कुणाच्या हाकेला ओ द्यायची नव्हती. संध्याकाळी समुद्रावर बसलो, दुसऱ्याच्या हातचं जेवलो आणि तिसऱ्या दिवशी परत फिरलो.

परत आल्यावर काय झालं? म्हशी जिवंत होत्या, लेकरं जेवलेली होती. एका घरी मात्र आठ दिवस अबोला होता, एकीच्या नवऱ्यानं भाकरी करपवून घर धुरानं भरवलं होतं. पण तो आता थापतो, जाडजूड का होईना. आणि गटाच्या वहीत आम्ही एक नियम लिहिलाय: कुठलीही तारीख धरताना आधी विचारायचं, त्या दिवशी आपल्यातलं कोण इथं नसणार? कर्जवाटप असो, शिबिर असो, हळदीकुंकू असो. आता कोयत्यावरच्या बहिणी आल्याशिवाय मोठी बैठक होत नाही.

तुम्हाला जायचं असेल तर आमच्या अनुभवाचं थोडं सांगतो. डबा वेगळा ठेवा, त्यातून कर्ज देऊ नका. आम्हाला दोनदा मोह झाला होता. कोयत्यावरून आल्यावर एकदम पैसे भरायची मुभा ठेवा. घराघरांत कामाची अदलाबदल आधी लावा, कुणाची धार कोण काढणार ते नावानिशी लिहा. घरी खरं सांगा. निघण्याआधी फोन करून भरतीची वेळ विचारून घ्या. पावसाळ्यात खाडीवर जाऊ नका. जाकीट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, होडीत उभं राहू नका, फोटोसाठी तर नाहीच. बीपी-साखरेच्या गोळ्या जवळच्या पिशवीत ठेवा. घाटासाठी लिंबू, आवळासुपारी घ्या. आणि खाडीत प्लास्टिक टाकू नका, ते त्या बायांचं शेत आहे.

वेंगुर्लाच पाहिजे असं नाही. कुठल्याही पाण्याकाठी बसा. धनेगावच्या धरणावर पाणी असेल तेव्हा काठावर अर्धा दिवस बसलात तरी चालेल, फक्त पाण्यात उतरू नका. भाकरी बांधून न्या, पण तिथं जाऊन चूल मांडू नका. तो नेम आमचा पक्का आहे: आरामाच्या दिवशी चूल नाही.

आजींनी व्हिडिओ बघून विचारलं होतं, की या बाया काही करीनात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही का. आता त्या म्हणतात, "म्हणू दे की. आपण सोळा जणी होतो, कुणाकुणाला म्हणतील?"

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एवढंच विचारून बघा: आपल्यातली कोण शेवटची कधी नुसती बसली होती? जी सांगू शकणार नाही, तिच्या सोयीनं तारीख धरा.